फुकटचं जळण

मंडळी, यंदा नाशकात थंडीने चांगलाच मुक्काम ठोकला, आणि त्या निमित्ताने आमच्या घरात एक जुना वाद पुन्हा पेटला. (पेटला हा शब्द मुद्दाम वापरलाय!) वाद कसला, तर लाकडाचा. तेही साधंसुधं लाकूड नव्हे, रस्त्याच्या कडेला टाकून दिलेलं, खिळे ठोकलेलं, फुकटचं पाइन.

आधी पार्श्वभूमी सांगतो. आमच्या मागच्या अंगणात एक तांब्याचा बंब आहे. आईच्या वेळचा. घराच्या वाटण्या झाल्या तेव्हा भावांनी भांडीकुंडी, कपाटं नेली. बंब कुणालाच नको होता, तो मी आणला. छतावर सोलर आहे, न्हाणीघरात गीझर आहे, तरी डिसेंबर-जानेवारीच्या रविवारी मी बंब पेटवतोच. आणि कडाक्याची थंडी पडली, लेकी-नातवंडं आली, की रात्री अंगणात एका जुन्या घमेल्यात शेकोटी. वर्षाकाठी मोजून दहा-पंधरा वेळा. पेन्शनरचा एवढा एक शौक.

ज्यांनी बंब पेटवलाय त्यांना ठाऊक आहे की खरी मारामार जळणाची नसते, पेटवणाची असते. बाभळीचं एक ओंडकं तासभर टिकतं, पण ते काडीने पेटत नाही. त्याच्याखाली आधी काहीतरी चटकन धरणारं लागतं. लहानपणी नारळाची सोडणं, करवंट्या, उसाची चिपाडं, गोवरीचा तुकडा असं काय काय असायचं. आता सोडणं कचऱ्याच्या गाडीत जातात आणि गोवरी शहरात पूजेच्या दुकानात मिळते, तीही पाकिटातून! लोक मग रॉकेलच्या नावाने हळहळतात किंवा प्लॅस्टिकची पिशवी आत टाकतात. दुसरा प्रकार तर निव्वळ पाप आहे.

मला हा मार्ग सापडला तो चार-पाच वर्षांपूर्वी, सकाळच्या फेरफटक्यात. आमच्या वसाहतीपासून सातपूरची एमआयडीसी लांब नाही. वाटेत टाइल्स आणि यंत्रसामग्रीची दुकानं आहेत. त्यांचा माल ज्या लाकडी खोक्यांतून आणि पॅलेटवरून येतो, त्यांच्या मोडक्या फळ्या दुकानाच्या मागे ढिगाने पडलेल्या असतात. पांढुरकं, पिवळसर, हलकं लाकूड. नाकाशी नेलं तर टर्पेंटाइनचा वास. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, "न्या की सर, आम्हाला गाडीवाल्याला पैसे देऊन उचलायला लावावं लागतं." पिशवीभर आणलं, कटावणीने खिळे काढले, कोयत्याने खडूएवढ्या जाडीच्या आणि फूटपट्टीएवढ्या लांबीच्या ढलप्या काढल्या. बंबात कागदाचा एक बोळा, त्यावर चार ढलप्या उभ्या-आडव्या, वर बाभूळ. एक काडी! बस्स. फुंकणीसुद्धा लागली नाही.

आता हे पाइन म्हणजे काही आपल्याकडचं झाड नव्हे. महाराष्ट्रात ते रानात आपसूक उगवत नाही. पण आपल्या वाङ्मयाला ते परकंही नाही. संस्कृतमध्ये ज्याला सरल म्हणतात तो वृक्ष म्हणजे हिमालयातला चीड. नावाप्रमाणे सरळसोट वाढणारा. कुमारसंभवाच्या पहिल्या सर्गात हत्ती या झाडांना गाल घासतात, त्यातून चीक पाझरतो आणि डोंगरमाथे सुगंधित होतात. मेघदूतातला यक्ष तर मेघाला बजावतो की हिमालयात सरल वृक्षांच्या घर्षणाने वणवा पेटला असेल, चमरी गायींच्या शेपट्या होरपळत असतील, तर तुझ्या धारांनी तो विझव. म्हणजे हे झाड भराभर पेटतं हे कालिदासाला पक्कं माहीत होतं. वर्गात मेघदूताचा विषय निघाला की मी हे सांगायचो, पण त्याचा अर्थ मला खरा कळला तो सत्तरीत, बंबापुढे बसल्यावर.

पेटण्याचं कारण त्या लाकडातली राळ. शिवाय लाकूड हलकं आणि सच्छिद्र, म्हणून हवा आत पटकन शिरते. त्याच कारणाने ते भसकन जळून संपतं आणि मागे निखारा फारसा उरत नाही. "पाइनमध्ये दम नाही" असं आमचे शेजारी म्हणतात, ते त्यामुळे. पण हा गैरसमज आहे. किलोला किलो तोलून पाहिलं तर पाइन बाभळीपेक्षा कमी उष्णता देत नाही. फक्त किलोभर पाइन आकाराने मोठं दिसतं आणि लवकर संपतं. एखादा मुलगा शंभर मीटर पळतो, एखादा पाच हजार. शंभरवाल्याला नापास करणारा मास्तर मूर्ख.

अमेरिकेत थोरल्या लेकीकडे गेलो होतो तेव्हा तिथेही हाच पूर्वग्रह भेटला. वादळात पडलेलं पांढऱ्या पाइनचं झाड शेजाऱ्याने तोडून ठेवलं होतं आणि "हवं तेवढं न्या" म्हणून सांगत होता. घरात पाइन जाळलं की धुराड्यात काजळी साचून आग लागते, ही तिकडची ठाम समजूत. जावयाने वाचून काढलं तेव्हा कळलं की काजळीचा दोष जातीपेक्षा ओलाव्याचा जास्त. ओलं लाकूड, कोणत्याही झाडाचं, धुमसत ठेवलं की धूर थंड धुराड्यात गोठून चिकटतो. वाळलेलं पाइन मोकळ्या हवेत खुशाल जाळावं. आम्ही वर्षभर वाळवलेलं त्यांच्या अंगणात जाळलंही. एक मात्र खरं, ते तडतडतं. आतल्या राळेचे नि ओलाव्याचे कप्पे तापून फुटतात आणि ठिणग्या उडतात. सौ.च्या शालीला तिथे पडलेलं भोक अजून आहे आणि त्याचा उल्लेख आमच्या घरी अजून होतो.

तर मुद्द्यावर येतो. फुकटचं लाकूड चांगलं, हे माझं मत. पण फुकटचं म्हणजे डोळे मिटून उचलावं असं नाही, हेही माझंच मत, आणि ते थोडं ठेचा खाऊन बनलेलं.

पहिली गोष्ट, शिक्का बघावा. परदेशातून आलेल्या पॅलेटवर एक चौकोनी छाप असतो. डावीकडे गव्हाच्या ओंबीसारखं चिन्ह, उजवीकडे देशाची दोन अक्षरं, कारखान्याचा क्रमांक आणि शेवटी प्रक्रियेची खूण. हा नियम २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरला, कारण कच्च्या लाकडातून किडे आणि कृमी एका देशातून दुसऱ्या देशात जाऊन जंगलंच्या जंगलं मारत होते. उत्तर अमेरिकेतल्या एका सूक्ष्म कृमीने जपानमधली पाइनची झाडं अशीच संपवली. एच. टी. असं लिहिलं असेल तर ते लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला किमान ३० मिनिटं तापवलेलं आहे. म्हणजे भाजलेलं, बस्स. ते मी जाळतो. एम. बी. लिहिलं असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. वायू उडून जातो असं म्हणतात. जात असेलही. पण माझ्या शेकोटीभोवती नातवंडं बसतात, म्हणून ती फळी मी आणत नाही.

धाकट्या नातवाला या शिक्क्यांचा नाद लागलाय. डीई म्हणजे जर्मनी, सीएन म्हणजे चीन, एनझेड म्हणजे न्यूझीलंड. तो अक्षरं वाचतो आणि नकाशात बोट ठेवतो. न्यूझीलंडचं पाइन तर कांडला बंदरात ओंडक्यांनीच उतरतं आणि आपल्याकडे त्याची खोकी बनतात. ते झाड मूळचं कॅलिफोर्नियाचं, न्यूझीलंडमध्ये लावलेलं, पंचवीस-तीस वर्षांत तोडलेलं. जवळजवळ माझ्या नोकरीएवढं आयुष्य! आणि शेवट कुठे, तर नाशकात टाइल्सच्या दुकानामागे. असो.

दुसरी गोष्ट, शिक्का चांगला म्हणजे फळी चांगली असं नाही. तेलाचा, रसायनाचा डाग असेल तर नको. रंग असेल तर नको. निळे-लाल रंगवलेले अख्खे पॅलेट तर बहुधा भाड्याने फिरणारे असतात, कंपनीच्या मालकीचे. ते उचलणं म्हणजे चोरी. हिरवट झाक असलेलं, वाळवी लागू नये म्हणून औषध मुरवलेलं लाकूड मुळीच नको, त्यात आर्सेनिक असू शकतं आणि ते राखेतही उरतं. प्लायवूड आणि भुशाच्या फळ्यांत डिंक-रसायन असतं. पहिल्या वर्षी मी एक जुन्या कपाटाचा तुकडा शेकोटीत टाकला होता. पाच मिनिटांत सगळ्यांचे डोळे चुरचुरायला लागले, सौ.ला रात्रभर खोकला. दुसऱ्या दिवशी ती काही बोलली नाही. न बोलणं हे आमच्याकडे जास्त गंभीर असतं.

तिसरी गोष्ट खिळे. राख गार झाल्यावर मी त्यातून लोहचुंबक फिरवतो. (शाळेतल्या प्रयोगपेटीतला नव्हे, विकत घेतलेला, हे सांगून ठेवतो!) नाशकाची काळी माती आधीच अल्कधर्मी, तिला राखेचं फार अप्रूप नाही, तेव्हा बागेत मूठभरच जाते.

इथपर्यंत मी स्वतःवर खूष होतो. फुकट लाकूड, शास्त्रशुद्ध निवड, झाड न तोडता आग. लेख इथेच संपवला असता तर तुम्हीही "वा काका" म्हणून गेला असतात. पण दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात एक प्रसंग घडला.

सकाळी सातच्या सुमारास नेहमीच्या ढिगापाशी गेलो. फळ्या निवडत होतो, शिक्के वाचत होतो. जरा वेळाने मान वर केली तर दहा पावलांवर एक बाई उभी. डोक्याला चुंबळ, हातात दोरी, बाजूला एक सहा-सात वर्षांची पोर. जवळच्या बांधकामावरची. किती वेळ उभी होती कोण जाणे. मी म्हटलं, "काय हवंय बाई?" तर म्हणाली, "तुमचं होऊ द्या, बाबा. मग मी घेते."

म्हणजे ती थांबली होती. माझं निवडून होईपर्यंत. स्वेटर, कानटोपी, पायात बूट घातलेला माणूस ढीग चाळतोय, तेव्हा त्याचा हक्क आधी, असं तिने धरलं होतं.

मी बाजूला झालो. तिने सराईतपणे फळ्या उचलल्या, रंगवलेली एक फळी बाजूला फेकली. मी मास्तर, मला राहवलं नाही. विचारलं, "ती का टाकली?" म्हणाली, "डोळे झोंबतात तिने. अन् भाकरीला वास येतो." पाइनवर सगळा स्वयंपाक होतो का, तर नाही. हे पेटवायला, आणि भाकरीला बाभळीचं नाही तर आंब्याचं, मिळेल ते. मी पुस्तकं वाचून आणि डोळे चोळून जे शिकलो ते तिला रोजच्या चुलीने शिकवलं होतं. गॅस नाही का? आहे की, गावाला सासूकडे. सरकारच्या योजनेतला. पण सिलिंडर भरायला पैसे लागतात आणि साइट दर वर्षी बदलते, सिलिंडर काय डोक्यावर घेऊन फिरणार?

उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला सुरू झाली तेव्हा मी मनापासून टाळ्या वाजवल्या होत्या, आजही वाजवीन. पण जोडणी आणि रोजची ज्योत यांच्यात अंतर आहे, आणि ते अंतर ती बाई दोरीने बांधून डोक्यावरून नेत होती.

घरी येऊन सौ.ला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "तुम्हाला धूर गोड लागतो, कारण फुंकणी कधी तुमच्या हातात नव्हती." इतकंच. मला आईचे डोळे आठवले. लाल, सतत पाणी येणारे. आम्ही पोरं चुलीपुढे ऊब घेत बसायचो आणि ती खोकत फुंकर घालायची. आज मी ज्या बंबावर इतका जीव टाकतो, तो माझ्यासाठी आठवण आहे. तिच्यासाठी ते पहाटे चारचं काम होतं. वाटणीच्या वेळी बंब नको म्हणणाऱ्यांत माझ्या वहिनीही होत्या. त्यांना का नको होता, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

हे एका मित्राला सांगितलं तर तो म्हणाला, "उगाच मनाला लावून घेतोस. भंगार कुणाच्या मालकीचं नसतं. जो आधी येईल त्याचं." मला हे पटत नाही. कायद्याने कदाचित बरोबर असेल. पण विहिरीवर ज्याची घागर रिकामी त्याला आधी पाणी, हे आपल्याला कुणी कायद्याने शिकवलं नव्हतं. माझी शेकोटी विझली तर मी आत जाऊन रजई ओढतो. तिची चूल पेटली नाही तर पोर उपाशी कामाच्या जागी जातं. एकाच ढिगावर दोघांचे हात असले तरी दोघांची गरज एक नव्हे.

धाकटी लेक दुसऱ्या टोकाची. तिचं म्हणणं, "बाबा, एवढं वाटतं तर जाळूच नका ना काही. हवा आधीच वाईट आहे." हेही मी विचारात घेतलं. उघड्यावर कचरा जाळायला राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये देशभर मनाई केली, दंडही ठरवला, आणि ते योग्यच आहे. वाळलं लाकूड जाळलं तरी धूर होतोच, तो नाही असं मी म्हणणार नाही. रोज जाळत असतो तर लेकीचं ऐकून बंद केलं असतं. पण वर्षाकाठी काही रात्री, माणसं टीव्ही सोडून एका वर्तुळात बसतात, नातू निफाडच्या द्राक्षबागांत थंडीपासून घड वाचवायला शेकोट्या का पेटवतात ते विचारतो, तेवढी आग मला सोडवत नाही. हा माझा स्वार्थ. तो मान्य करून पुढचं बोलतो.

माझे नियम आता असे आहेत. ढिगापाशी मी सकाळी जात नाही, दुपारी जातो. तोवर चुलीवाल्या बायका येऊन गेलेल्या असतात. मागे राहतात ते आखूड तुकडे, वेड्यावाकड्या पट्ट्या, ज्यांत जळण कमी आणि खिळेच जास्त. पेटवणाला तेवढं पुरतं. खरं सांगायचं तर पेटवणाला तेवढंच हवं असतं. लांब फळ्या मी आधी हावरेपणाने आणत होतो. घरी मागच्या पडवीत तसल्या फळ्यांची चळत होती. ती दोन खेपांत बांधकामावर पोचवली. त्या बाईने ठेवून घेतली. "अजून आहे का?" असं विचारलं. आभार मानले नाहीत, आणि मानायचं काही कारणही नव्हतं.

आणि होळी. आमच्या वसाहतीत दर फाल्गुन पौर्णिमेला कुणीतरी एखादी हिरवी फांदी, कधी अख्खं झाड, "वाकडं वाढलं होतं" म्हणून आणतं. शहरात झाड तोडायला परवानगी लागते, १९७५ चा कायदा आहे, हे मी दर वर्षी सांगतो आणि दर वर्षी मला "सर, सण आहे" असं उत्तर मिळतं. ओली फांदी जळत नाही, नुसती धुमसते, मग तिच्यावर डिझेल. गेल्या होळीला मी म्हटलं, होळी लहान करू, कमरेएवढी. खिळे काढलेलं, न रंगवलेलं उरलंसुरलं पाइन मी देतो, वर चार गोवऱ्या. तरुण मंडळींनी नाकं मुरडली, पण ऐकलं. पाइनने आपल्या स्वभावाप्रमाणे पाच मिनिटांत धडाडून पेट घेतला आणि वीस मिनिटांत संपला. पोरांनी बोंबा मारल्या, बायकांनी नारळ-पोळी वाहिली, सगळं साग्रसंगीत. "लवकर आटपली," अशी तक्रार आली. मी म्हटलं, पाप जाळायला किती वेळ हवा?

परवाच्या रविवारी बंब पेटवला. सौ. कधी नव्हे ती मागे आली, पाटावर बसली. मी ढलप्या रचल्या आणि काडीपेटी तिच्यापुढे केली. ती म्हणाली, "मी चूल चौदाव्या वर्षी पेटवली, आता तुम्हीच पेटवा." मग पेटवली. धूर तिच्या दिशेने जायला लागला तेव्हा उठून मी माझी जागा तिला दिली.

तुमच्याकडे बंबाला, शेकोटीला काय जाळतात? आणि ते कुठून आणता, तुमच्या आधी तिथे कोण उभं असतं? जमलं तर एकदा बघून या आणि मला कळवा.